तपकिरी घाणा
दक्षिण ऑस्ट्रेलियात, मूंटाच्या तांब्याच्या खाणीत हेडली ट्रेवार्था खपला. त्याचा मुलगा गारफील्ड वायालाच्या पोलादभट्टीवर भाजून निघाला. गारफील्डचा डेझमंड ॲडलेडच्या कारखान्यातून ताठ मानेने निवृत्त झाला. तिघांपैकी एकानेही आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारली नव्हती. ते डेझमंडच्या मुलीने, लोवेनाने, केले आणि अकरा वर्षे ब्र काढला नाही.

तेव्हा ती एका प्रयोगशाळेत नोरीन काल्निन्सच्या हाताखाली शिकत होती. नोरीनची कृती साधी होती: लोहक्षारांच्या पाण्यात अमोनिया तीन तास थेंबथेंब सोडायचा आणि हवा लागू नये म्हणून नायट्रोजनचा बुडबुडा क्षणभरही तुटू द्यायचा नाही. मग एकसारखे, काळेभोर, चुंबकाकडे झेपावणारे सूक्ष्म कण मिळत. ते यकृताच्या गाठीत पोचवून बाहेरून चुंबकक्षेत्राने तापवायचे, म्हणजे गाठ जळते. तेलात उकळून केलेले कण अधिक सुबक निघत, पण त्यांचा खर्च सरकारी इस्पितळांना झेपणारा नव्हता.

त्या शुक्रवारी चारला रिवाजाप्रमाणे अंगणात बिअर उघडली, आणि फुटीच्या, म्हणजे तिथल्या फुटबॉलच्या, सामन्याला निघायची घाई झाली. नायट्रोजन संपल्याचे लोवेनाने पाहिले, तरी उरलेला अमोनिया तिने एकदम ओतला. घाणा तपकिरी उतरला. कण लहानमोठे, गुठळ्या धरलेले. तो तिने चांगल्या घाण्यात मिसळून टाकला. चाचणीत ते कण टोचलेल्या सहा मेंढ्या फुप्फुसे तुंबून मेल्या.

चूक कुणाची ते नोरीनने ओळखले, पण चौकशीत म्हणाली, "माझी कृतीच चुकली." बाहेर येऊन लोवेनाला एवढेच बोलली, "तुझं सगळं व्हायचंय अजून. गप्प बस."

नोरीनची नोकरी गेली. कृतीवर बंदी आली.

आता लोवेना प्रयोगशाळेची प्रमुख होती, आणि ती बंदी कायमची करण्याचा कागद तिच्यापुढे होता.

"कर की सही," चौकशी समितीचा अध्यक्ष ओल्डफील्ड म्हणाला. "म्हातारीच्या कृतीनं मेंढ्या मारल्या, त्या कृतीचं सुतक किती दिवस पाळायचं?"

"मेंढ्या मी मारल्या," लोवेना म्हणाली, आणि त्या शुक्रवारची सारी हकिकत तिने सांगितली.

बंदी उठली, कृती नोरीनच्या नावाने नोंदली गेली. लोवेनाला त्याच आठवड्यात काढून टाकले.

ॲडलेडच्या सेमाफोर किनाऱ्याजवळ, भाड्याच्या कॅरव्हॅनमध्ये, नाकात प्राणवायूची नळी घालून बसलेल्या नोरीनने, लोवेनाने आणून दिलेले नोंदणीचे पत्र दोनदा वाचले.

"केलास मूर्खपणा?"

"केला."

"त्यांनी हाकललं?"

"हाकललं."

"छान. शिकायला अकरा वर्षं लागली तुला." तिला खोकल्याची उबळ आली; ती ओसरेपर्यंत लोवेना उभीच राहिली.

"ती वर्षं मला परत देता येत नाहीत, नोरीन."

"मागितली कुणी?" नोरीनने पत्राची घडी उशीखाली सारली. "नावाला नाव, नोकरीला नोकरी. फिटलं, पोरी. सगळं फिटलं."