कुजबुज बंद

मनोरुग्णालयातून तिसऱ्यांदा घरी आलो, तेव्हाच ठरवलं, चौथी खेप होऊ द्यायची नाही. गोळ्या मी चुकवत नव्हतो. पण मला त्रास नको म्हणून घरचे स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलायचे, आणि ती कुजबुज खरी की माझ्या डोक्यातली, हेच मला कळेनासं व्हायचं.

आज पुन्हा ती सुरू झाली, तसा मी सरळ आत गेलो.

"माझ्याबद्दल खुशाल बोला. पण मोठ्याने बोला."

आई गोरीमोरी झाली. वहिनीने मात्र कढई खाली ठेवली आणि शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भावजी, तुमच्या घोरण्याने घरात कुणाला झोप नाही."

डोक्यातल्या आवाजांनी माझ्यावर नाही नाही ते आरोप केले होते. घोरण्याचा कधीच नाही.