चिमणीच्या गाडीचे मागचे बुश

तिला सगळे चिमणी म्हणायचे. उंची बेताची, आवाज बारीक, चालणं टुणटुणीत. पण ती रुग्णवाहिकेच्या स्टिअरिंगवर बसली की तिच्याबरोबर मागे बसणारी नर्स निर्धास्त असायची. "चिमणी चालवत असली की मागे उभं राहून सलाईन लावता येतं," असं ती नव्या लोकांना सांगायची. चिमणीला या वाक्याचा मनातून फार अभिमान होता. वरवर मात्र ती म्हणायची, "पुरे गं, हरभऱ्याच्या झाडावर नको चढवूस."

तिची स्वतःची एक गाडी होती. निळी, बुटकी, दोन दारांची, मागची चाकं जोर लावणारी जुनी वेगवान गाडी. ती तिनं मोडकळीला आलेली असताना घेतली आणि सुट्टीच्या दिवशी एकेक भाग बदलत उभी केली. घरामागच्या शेडमध्ये गाडीखाली पडलेले तिचे दोन पाय एवढंच दर्शन घरच्यांना रविवारी व्हायचं.

आणि मग ते वळण आलं.

ती आणि नवरा एका लग्नाहून परत येत होते. रस्ता कोरडा, ऊन छान, वेगही काही जास्त नव्हता. उताराच्या वळणावर पुढे अचानक एक ट्रक थांबलेला दिसला. चिमणीनं ब्रेक दाबला आणि गाडीचं मागचं अंग सटकन बाहेर गेलं. तिनं स्टिअरिंग फिरवलं, पण गाडी तिच्या हाती उरलीच नव्हती. गाडीनं गिरकी घेतली आणि ती कडेच्या गवतात, ज्या दिशेनं ते आले होते तिकडे तोंड करून थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. नवरा म्हणाला, "ठीक आहे. काही झालं नाही." बस्स, एवढंच. घरी येईपर्यंत तो काही बोलला नाही.

गॅरेजवाल्यानं गाडी खालून टॉर्च मारून बघितली, टायर दाबले आणि सांगितलं, "गाडीत काही नाही, मॅडम. वेग जरा सांभाळा."

गाडीत काही नाही म्हणजे दोष आपल्या हातात, असा चिमणीनं त्याचा सरळ अर्थ लावला. तेव्हापासून रुग्णवाहिकेतही तिचे हात घामेजायला लागले. वळण दिसलं की ती नको इतका वेग कमी करायची. मागे पेशंट आडवा, त्याचे नातेवाईक डोळे लावून बसलेले, आणि आपल्यालाच आपल्या हातांचा भरवसा नाही! शेवटी तिनं पर्यवेक्षकांना सांगितलं, "मला काही दिवस फोनवर बसवा." ते म्हणाले, "तब्येत?" ती म्हणाली, "तसंच काहीसं." मग ती कानाला हेडफोन लावून पत्ते विचारत बसायला लागली आणि दुसऱ्या ड्रायव्हरांना रस्ते सांगायला लागली.

निळी गाडी विकायची असं तिनं घरात जाहीर केलं.

सासरे म्हणाले, "बरं." ते दातांचे निवृत्त डॉक्टर. रिकामं बसणं त्यांना जमत नसे, आणि कुणी तोंड मिटून बसलं की आत काय दुखतंय हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दोन-तीन दिवस गेल्यावर ते शेडमध्ये आले. फळीवर एक न उघडलेलं खोकं होतं.

"हे काय गं?"

"मागच्या सस्पेन्शनचे बुश, बाबा. रबराच्या जागी घट्ट प्लास्टिकसारखे असतात ते. गाडी मागून पक्की बसते. मागवले होते, बसवायचे राहून गेले."

"मग हे पण फुकट देणार त्या घेणाऱ्याला?"

"देऊन टाकू."

"छे! बसवून विक. पेशंटला अर्धवट दात घेऊन घरी पाठवायचं नसतं. मला काम सांग, मी हाताखाली येतो."

त्यांना नाही म्हणायला तिला जमलं नाही. खरं तर कुणीतरी आपल्याला त्या शेडमध्ये पुन्हा ढकलावं, असं तिलाही कुठेतरी वाटत असावं.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर दोघं कामाला लागले. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले. जॅकनं मागची बाजू उचलली, गाडी लोखंडी स्टँडवर टेकवली आणि चिमणीनं ती दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघितली. "ही हलली तर मी खाली शिरणार नाही," ती म्हणाली. काढलेलं चाकही तिनं गाडीच्या बॉडीखाली आडवं सरकवून ठेवलं.

"ते कशाला?"

"स्टँडनं दगा दिला तर गाडी चाकावर पडेल, माझ्यावर नाही."

"शहाणी आहेस," सासरे म्हणाले. "आणि म्हणे हिला गाडी चालवता येत नाही."

चाक ज्याला जोडलेलं असतं तो लांब लोखंडी आर्म बॉडीला जिथे अडकतो, तिथे तिनं पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या, म्हणजे परत बसवताना तो जागचा हलणार नाही. त्या सांध्यातच बुश असतो. बाहेरून लोखंडी कडं, मधोमध नळी आणि दोन्हींच्या मध्ये रबर. आर्म वर-खाली व्हावा पण मागे-पुढे सरकू नये, एवढंच त्याचं काम.

उजव्या बाजूचा बोल्ट मुकाट्यानं निघाला. आर्म हळूहळू खाली आला. बुश जुना होता, कडेनं चिरा पडलेल्या होत्या, पण धड होता. डाव्या बाजूच्या बोल्टनं मात्र नाकी नऊ आणले. गंजून बसलेला. तेल मारलं, थांबले, पुन्हा तेल मारलं. चिमणी पान्याला लोंबकळली तरी तो ढिम्म. तिचं वजनच ते केवढं!

"हाक मार त्याला," सासरे म्हणाले.

नवरा आतून आला. तो शाळेत गणित शिकवायचा आणि त्या दिवशी पेपर तपासत बसला होता. गवतातल्या त्या गिरकीनंतर तो शेडकडे फिरकलाच नव्हता. चिमणीनं पान्याला एक लांब पाईप लावून दिला. "इथे धर, आणि झटका नको. सावकाश जोर दे."

त्यानं जोर दिला. कर्रर्र असा आवाज झाला. तिघांनाही वाटलं, बोल्ट तुटला. पण बोल्ट फिरला होता.

"ह्याचा भाव आता वाढणार," सासरे म्हणाले.

डावा आर्म खाली आला आणि चिमणी खालून बघतच राहिली. वजन उतरल्यावर बुशमधलं रबर तोंड उघडल्यासारखं फाकलं होतं. नळी कड्याच्या मधोमध असायला हवी, ती एका बाजूला लोंबत होती. तिनं बोटानं ढकललं तर ती सैल दातासारखी इकडून तिकडे गेली.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, हे बघा."

सासरे गुडघे धरत खाली बसले. खिशातून त्यांनी तोंडात घालायचा तो छोटा गोल आरसा काढला आणि टॉर्चच्या उजेडात बुशच्या मागे धरला.

"वरून पांढराशुभ्र आणि आतून पोकळ दात असतो ना, तसंच," ते म्हणाले. "गाडी जमिनीवर उभी असताना हे फाटलेलं मिटून राहत असणार. म्हणून त्या गॅरेजवाल्याला दिसलं नाही."

"ब्रेक दाबला की आर्म मागे ओढला जातो," चिमणी भरभर बोलायला लागली. "रबर फाटलेलं असलं की आर्म सरकतो, चाक वाकडं होतं, आणि मागची बाजू आपली आपणच वळते. मी वळवली नाही. ती स्वतः वळली!" मग तिला एकदम दुसरंच सुचलं. "पण हे गिरकी घेताना फाटलं असलं तर? आधी नाही, नंतर?"

सासऱ्यांनी आरसा पुसला आणि पुन्हा आत घातला. सुनेची समजूत घालायला ते काहीही बोलले नसते. पेशंटला खोटं सांगण्याची सवय त्यांना कधीच नव्हती.

"इकडे ये. ही कड ताजी आहे, काळी कुळकुळीत. पण ही एवढी मोठी बघ. घासून गुळगुळीत झालीय, आत धूळ जाऊन घट्ट बसलीय. हे एका दिवसाचं काम नाही. खूप दिवस फाटत होतं, आणि त्या दिवशी उरलेलं गेलं."

चिमणी गाडीखालून बाहेर आली आणि तिथेच फरशीवर बसली. तिला हसू यायला लागलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. काळ्या हातांनी तिनं ते पुसलं, तेव्हा गालांवर मिशा उमटल्या.

नवरा पाईप हातात घेऊन तसाच उभा होता. "मला जाणवलं होतं," तो हळू म्हणाला.

"काय?"

"तू ब्रेक दाबलास ना, तेव्हा आधी माझ्या पाठीखाली काहीतरी सरकलं. मग तू स्टिअरिंग फिरवलंस. क्रम तसा होता. पण मला गाडीतलं काय कळतं? उगाच तुझी समजूत काढतोय असं वाटेल म्हणून गप्प बसलो."

"आणि मला वाटत होतं, तू मनातून मलाच दोष देतोयस! इतके दिवस!"

"मी? अगं, तू होतीस म्हणून आपण गवतात थांबलो. मी असतो तर त्या ट्रकच्या आत."

"भांडण नंतर करा," सासरे म्हणाले. "पेशंट खुर्चीवर उघड्या तोंडानं पडलाय."

मग काम पळायला लागलं. जुना बुश ओढून काढायला चिमणीनं एक लांब बोल्ट आरपार घातला, एका बाजूला जाड वाटीसारखा तुकडा आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी चकती लावली आणि नट आवळत नेला. "उपटायचा नाही, सरकवत आणायचा," असं सासरे दर फेऱ्याला बजावत होते, जसं काही बुशला भूल कमी पडली होती. फट्‌ असा आवाज होऊन बुश वाटीत पडला. आर्मचं भोक तिनं घासून चकचकीत केलं. नव्या बुशचे दोन अर्धे तुकडे ग्रीस लावून दोन्ही बाजूंनी दाबून बसवले, मधे लोखंडी नळी सारली. पुन्हा तसंच उजवीकडे. खुणा जुळवल्या, गाडी चाकांवर उतरवली आणि मगच तिनं बोल्ट पक्के आवळले. आवळताना तिचे हात एकदाही अडखळले नाहीत. हे तिच्या लक्षात आलं नाही, नवऱ्याच्या आलं.

दुपारी तिघं गोदामांमागच्या मोकळ्या रस्त्यावर गेले. सुट्टीचा दिवस, शटर बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सासरे मागच्या चिमुकल्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. चिमणीनं गाडी हळूच पुढे काढली.

टक. टक. टक.

मागून येत होतं. तिनं गाडी कडेला घेतली, खाली उतरली, चाकाशी वाकली, आर्म बघितला, बोल्ट बघितले. सगळं जागच्या जागी. मग डिकी उघडली. आत तो लांब पाईप पडला होता.

"मी ठेवला," नवरा म्हणाला. "मला वाटलं गाडीचाच आहे."

सासरे मागच्या सीटवर इतके हसले की त्यांचा पाय आखडला आणि त्यांना बाहेर काढून उभं करावं लागलं.

पाईप नवऱ्याच्या मांडीवर आला. चिमणीनं गाडी पुन्हा काढली, वेग वाढवला, श्वास घेतला आणि ब्रेक जोरात दाबला. पुढचं तोंड खाली वाकलं, पट्टे छातीत रुतले आणि गाडी सुतासारखी सरळ थांबली. तिनं पुन्हा केलं. मग रस्त्याच्या टोकाशी असलेल्या वळणावर, वळता वळता ब्रेक दाबला. मागचं अंग चिकटल्यासारखं मागेच राहिलं. कुठलाही धक्का आता सरळ पाठीत येत होता, गाडी पूर्वीपेक्षा कडक झाली होती, पण चिमणीला प्रत्येक चाक कुठे आहे ते कळत होतं.

तिचा जीव भांड्यात पडला. तिनं गाडी कडेला लावली.

"विकणार का आता?" सासऱ्यांनी मागून विचारलं.

"आज काहीच विचारू नका, बाबा." तिनं फोन काढला आणि पर्यवेक्षकांना लावला. "सर, उद्यापासून मला गाडीवर घ्या."

"तब्येत बरी झाली?"

"बरी होतीच. गाडी आजारी होती. भेटल्यावर सांगते."

"रात्रपाळी आहे. चालेल?"

"कुठलीही चालेल."

घरी आल्यावर तिघांनी मोरीत साबण घासघासून हात धुतले, तरी नखांतलं काळं गेलं नाही. जेवायला बसल्यावर चिमणीनं दोनदा वाढून घेतलं. कित्येक दिवसांत ती अशी जेवली नव्हती. नवरा बुशबद्दल प्रश्न विचारत होता, पाटीवर गणित मांडावं तसा आर्म, चाक, कोन असं सगळं टेबलावर चमच्यांनी मांडून. ती उत्तर देत होती. मग एका उत्तराच्या मधेच ती थांबली.

"पुढे?" तो म्हणाला.

सासऱ्यांनी ओठांवर बोट ठेवलं. चिमणी खुर्चीतच, मान एका बाजूला टाकून, गाढ झोपली होती.