सुरंगीचा वळेसर

मेहुण्याचा फोन आला तेव्हा केशव आईला मऊ भात भरवत होता. वेंगुर्ल्याकडच्या रानात सुरंगी फुलली होती. पहिला वळेसर, म्हणजे सुरंगीचा गजरा, ग्रामदेवीला वाहायला त्याची बायको कल्याणी किती वर्षांनी माहेरी गेली होती. पहाटे झाडाखाली कळ्या वेचताना खाली बसली, ती उठलीच नाही.

"कुनाचा फोन रे?" आईनं विचारलं.

आईचं हृदय कमजोर. धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. केशवनं पुढचा घास उचलला.

"कल्याणीच्या भावाचा. फुलं चांगली आलीत म्हणे यंदा. बहर संपला की येईल ती."

एकदा बोलून गेला आणि अडकला. अंथरुणाला खिळलेल्या आईला सोडून त्याला जाता आलं नाही. मुलगा अवधूत पुण्याहून परस्पर गेला, तिकडंच सगळं उरकलं. मस्तगड मोहल्ल्यातल्या त्या दोन खोल्यांत रडायला जागा नव्हती, आईचे कान तिखट. भेटायला येणाऱ्यांना केशव जिन्यातच गाठायचा आणि तिथूनच परत पाठवायचा.

मग मेहुण्यानं पार्सल पाठवलं. कल्याणीनं मरणाच्या आदल्या दिवशी ओवलेला वळेसर. केशवनं मोगऱ्यावर मारतात तसं त्यावर पाणी मारलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. सकाळी उघडलं तर फुलं काळी पडलेली. वास मात्र खोलीभर.

"सुरंगी ना?" आई उशीवरून म्हणाली. "पानी मारलंस न याला? माहेरून वळेसर आला की दरसाल सांगती ती, सुरंगी कोरडीच ठिवायची. तुझ्या डोक्यात शिरंल तर शपथ! येऊ दे, बराबर झाडती बघ तुला."

"झाडू दे," केशव म्हणाला.

"आपल्या पळसाला असा वास न्हाई. पर बहर संपला असंल की आता. मंग कधी येऊन राह्यली? लाव फोन."

"तिथं रानात रेंज न्हाई, आई."

"रोजच न्हाई?"

आईनं हात पुढं केला.

"आन इकडं. उशाशी ठिव माझ्या. ताजा ती आल्यावर माळंल."

त्यानं वळेसर उशाशी ठेवला. कल्याणीचा फोटो कपाटात साड्यांखाली आहे. त्याला हार घालायचा राहिलाय. आईला सांगायचं राहिलंय.