लाल टिकलीपायी

मंडळी, प्रिंटरची शाई संपली तर शहाणा माणूस आधी प्रिंटर बघतो. बेलापूरच्या मच्छिंद्रशेठनी आधी माणूस धरला! शेठचा मसाल्याचा कारखाना. पाकिटांवर चिकटवायची लेबलं तिथंच आदिनाथ नावाचा कामगार छापायचा. लेबल सगळं काळ्या अक्षरांचं, वर मधोमध फक्त एक लाल टिकली. तरी महिन्यात तिसऱ्यांदा रंगीत शाई आटली होती, आणि काळी जवळजवळ तशीच.

"कुनाला इकतो रं शाई?" म्हणत शेठनी आदिनाथच्या कानाखाली लगावली.

"आईशप्पत, शेठ, थेंब न्हाई इकला..."

दुसरी थप्पड. मग लाथ. आदिनाथ मिरचीच्या पोत्यांवर कोसळला. शेठच्या हाताला तराजूचं लोखंडी वजन लागलं, तेच त्यांनी फेकलं. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. कांडपावरच्या बाया जागच्या जागी थिजल्या, एकीनंही तोंड उघडलं नाही. कशी उघडतील? पोट शेठच्या हातात! असल्या मारकुटेपणाला आपल्याकडं लाडानं 'तापट स्वभाव' म्हणतात. चीड येते, मंडळी!

शेठनी लाकडी स्टूल उगारलं, तशा बनुबाई मधी पडल्या. या शेठच्या चुलती, मिरच्या निवडायला बसायच्या. स्टूल त्यांच्या मनगटावर बसलं. कळ डोक्यात गेली, पण बाई हलल्या नाहीत.

"हान! अजून हान! चुलतीचं हाड मोडून शाई येती का बघ!"

शेठच्या हातातून स्टूल गळालं. "काकू, त्यो चोर हाय..."

"चोर? आरं, दसऱ्याला ह्यानं तुला काय सांगितलं हुतं? समदं लेबल काळं छापू, रंग लागायचाच न्हाई. तू म्हनला, काळी टिकली अपशकुनी, लालच पायजे. बोलला तर वसकन अंगावर गेलास त्याच्या! सांग रं आदिनाथ, आता काय हुतंय ते."

आदिनाथ बाहीनं रक्त पुसत म्हणाला, "टिकलीसाठी मशीन रंगीतवर ठिवावं लागतं, शेठ. मंग आपलं हे मशीन काळी अक्षरं पन तिन्ही रंग कालवून काढतं. म्हनून काळी शाई तशीच राहती."

त्यानं टिकली काढून टाकली, सेटिंग नुसत्या काळ्यावर केलं आणि शंभर लेबलं छापली. अक्षरं काळीभोर, अन् रंगीत शाई होती तिथंच!

"टिकलीला रबरी शिक्का कर," बनुबाई सुजलेलं मनगट धरून म्हणाल्या. "लाल शाईची डबी किती दिस पुरल बघ. शिव्या घालून आन् मारून चूक सापडत न्हाई, मच्छिंद्रा. इचारलं तर सापडती."

शेठ मटकन खाली बसले. "चुकलं माझं! चल आदिनाथ, दवाखान्यात चल."

"टाके घालून घेईन, शेठ. पन घरी माझी पोरगी दिशा इचारील, पप्पा, कुनी मारलं? का मारलं? तिला काय सांगू? चोर म्हनून मारलं?"

बनुबाईंच्या मनगटाला पट्टी आणि आदिनाथला टाके पडल्यावर शेठ स्वतः त्याच्या घरी गेले. सात वर्षांची दिशा बापाचं तोंड बघून रडायलाच लागली. शेठ तिच्यापुढं उकिडवे बसले.

"बाळा, तुझ्या पप्पाला मी मारलं. त्यानं चोरी केली न्हाई. चूक माझी हुती."

पोरगी डोळे पुसत म्हणाली, "मंग तुमाला कोन मारनार?"

दुसऱ्या दिवशी सगळ्या बायांसमोर शेठनी आदिनाथचे हात धरून माफी मागितली. त्यानंतर त्या कारखान्यात कुणावर हात उगारला गेला नाही.

मंडळी, शाई वाचवायला एक सेटिंग पुरतं. पण राबणारा माणूस सांगतो ते वेळेवर ऐकायला मोठं मन लागतं. आणि एक ध्यानात ठेवा, पगार देणाऱ्यानं माणसाचं काम विकत घेतलेलं असतं, त्याचं अंग नव्हे!