भाटाचे बोलणे संपेपर्यंत

मी एक जुना नियमग्रंथ आहे. मित्रांनो, जुना खुशाल म्हणा, रद्दी म्हणू नका.

टेबलाभोवती बसून खेळायचा एक खेळ असतो. प्रत्येक जण एक पात्र होतो, फासे टाकतो आणि सगळे मिळून गोष्ट घडवतात. त्या खेळाची मी पहिली आवृत्ती. माझ्यात प्रत्येक पात्राला त्याचा स्वभाव होता. मांत्रिक एका शब्दात डोंगर हलवी. भाटाला शस्त्र चालवता येत नसे. पण त्याचे बोलणे संपेपर्यंत शत्रूला हात उगारता येत नसे.

अभिजित नोकरीसाठी जयपूरला आला, तेव्हा मला बॅगेत घेऊन आला. जगतपुऱ्यातल्या त्याच्या फ्लॅटवर रविवारी खेळ रंगे. माझ्या पानांना कचोरीचे तेल लागे. ते माझे सुखाचे दिवस.

मग नवी आवृत्ती आली. गुळगुळीत, रंगीत, आणि सगळी पात्रे सारख्या ताकदीची. अभिजितचा ऑफिसातला मित्र कौशिक खूश झाला. "जुन्या नियमांत माझा तलवारबाज नुसता उभा असायचा. मांत्रिकच सगळं उरकायचा!"

तक्रार खरी होती. पण समान करण्याच्या नादात भाटाचे बोलणेच काढून टाकले होते. 'भाट : शब्दाचा फटका, सहा गुण.' तलवारबाजाला सहा, तिरंदाजालाही सहा. ही समानता मला तेव्हा पटली नाही, आजही पटत नाही.

मला खोक्यात टाकले. एका रविवारी खोके कबाडीवाल्यासाठी दाराशी ठेवले होते. त्याच दिवशी सावनी पहिल्यांदा खेळायला आली. बँकेतल्या मराठी अधिकाऱ्याची ही मुलगी इथेच, जयपूरच्या खातीपुऱ्यात वाढलेली. मराठी बोलताना अडखळे, म्हणून गप्पच राही. तिने मला खोक्यातून काढले आणि हळूहळू वाचले.

"अभिजितदादा, मला हा भाट पाहिजे. मतलब, हा जुनावाला."

"अगं, याच्याने उंदीरसुद्धा मरणार नाही," कौशिक म्हणाला. "लढाईत करणार काय तू?"

"बोलणार."

कौशिक हसला. सावनीचा चेहरा उतरला, पण तिने मला खाली ठेवले नाही. अभिजितने थोडा विचार केला. "ठीक आहे. आकडे नव्या पुस्तकाचे. भाट मात्र जुना."

खेळ सुरू झाला. गावकरी भुयारातून निसटत होते आणि शत्रूची फौज दाराशी आली. कौशिकचा तलवारबाज जखमी होऊन पडला. शत्रूच्या वतीने अभिजितने फासे उचलले.

"थांबा," सावनी म्हणाली. "भाट बोलतोय."

तिने जळालेल्या घरांची नावे घेतली. कुणाच्या अंगणात काय होते, ते सांगितले. मराठी अडली की हिंदी येई, मग पुन्हा मराठी. एका ठिकाणी ती थांबलीच.

"संपलं?" अभिजितने विचारले.

"नाही. शब्द शोधतेय."

"शोध," कौशिक घाईने म्हणाला. "सावकाश शोध. लोक अजून आत आहेत!"

अभिजितच्या मुठीतले फासे मुठीतच राहिले. शेवटचा गावकरी बाहेर पडला, जखमी तलवारबाजालाही लोकांनी उचलून नेले, तेव्हाच सावनीने वाक्य पुरे केले.

कबाडीवाल्याला खोके मिळाले, मी नाही.

मित्रांनो, मला काचेच्या कपाटात जपून ठेवू नका. उघडा, माझ्याशी भांडा, चुकले असेल ते खोडा. मांत्रिकाची ताकद निम्मी करा, माझी हरकत नाही. पण सगळ्यांना सारखे करायचे म्हणून कुणाचा स्वभाव पुसायला निघालात, तर आधी माझ्याशी गाठ आहे.