तोफसाहेबांचा गोल

आमच्या गावात कुणालाही विचारा, तोफसाहेबांचा गोल त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो. ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता त्यांनीसुद्धा पाहिलेला असतो. सलूनवाले भाऊ म्हणतात, चेंडू डाव्या कोपऱ्यातून गेला. औषधाच्या दुकानवाले काका मैदान समितीचे अध्यक्ष आहेत, ते म्हणतात उजव्या, आणि वर छातीवर हात ठेवून सांगतात की जाळं फाटलं. माझ्या नणंदेच्या डोक्यावरचा रुमाल म्हणे चेंडूच्या वाऱ्याने उडाला. ही बया त्या दिवशी मैदानात नव्हतीच! दाढ दुखते म्हणून घरी लोळत होती. तिच्या गालाला शेक देऊन मीच तर निघाले होते.

आता माझं ऐका. तो गोल झालाच नाही. गोलात आमचे हे उभे होते आणि यांनी तो अडवला. आणि जाळं कुठून फाटणार? तेव्हा क्लबाकडे जाळंच नव्हतं. दोन खांब आणि वर एक आडवी बल्ली, एवढाच काय तो थाट होता.

"तुम्हाला एकटीलाच बरं सगळं आठवतं," असं लोक मला टोमणा मारतात. आठवतं, कारण सगळं मैदान तेव्हा तोफसाहेबांच्या पायाकडे बघत होतं आणि मी यांच्याकडे. लग्नाला जेमतेम महिना झाला होता. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. नवरा मात्र बरा दिसत होता, म्हणून त्याच्याकडेच बघत बसले.

तोफसाहेब म्हणजे त्या काळचे देशातले सगळ्यात मोठे खेळाडू. त्यांच्या पायात दारूगोळा भरलाय म्हणायचे, म्हणून ते तोफ. साहेब आम्ही लावलं. ते दुसऱ्याच कुठल्या तरी गावाला निघाले होते, पण काकांनी ओळखीपाळखी काढून, हातापाया पडून त्यांना तासाभरासाठी आमच्या मैदानावर आणलं. सामना वगैरे नाही. हात हलवायचा, पोरांच्या पाठीवर थाप मारायची आणि शेवटी एक पेनल्टी मारून दाखवायची, एवढंच. गोलात कोण, तर क्लबाचा गोलकीपर, म्हणजे आमचे हे. धंद्याने काच बसवणारे. खिडक्या, आरसे, दुकानांची कपाटं. काही झालं तरी हातातली वस्तू सुटू द्यायची नाही ही सवय अंगात भिनलेली, आणि नेमकी तीच नडली.

तोफसाहेबांनी चेंडू मारला आणि हे उडाले. चेंडू यांच्या हाताला लागून खांबाबाहेर गेला. मी आनंदाने टाळ्या पिटायला लागले. जरा वेळाने लक्षात आलं की टाळ्या वाजवणारी मी एकटीच आहे. एवढी माणसं जमलेली आणि सगळी चिडीचूप. हे उठले, हसले, इकडेतिकडे बघितलं, आणि बघता बघता ते हसू उतरलं. ती शांतता अजून माझ्या कानात आहे. तोफसाहेब भला माणूस, त्यांनी यांची पाठ थोपटली आणि गाडीत बसून गेले. त्यांच्या गाडीचा धुरळा खाली बसायच्या आत लोक यांच्यावर तुटून पडले. एवढा मोठा माणूस, एक गोल जाऊ दिला असतास तर तुझं काय बिघडलं असतं?

सासरे महिनाभर यांच्याशी भिंतीकडे बघून बोलत होते. सलूनवाल्या भाऊंनी त्या वर्षी प्रत्येक वेळी यांच्या एका कानावरचे केस मुद्दाम लांब ठेवले. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "तू अडवायचंस की. अडवण्यात हुशार ना तू?" त्या चेंडूने यांची करंगळी कायमची वाकडी झाली, तिची चौकशी मात्र कुणी केली नाही.

मग हळूहळू तो चेंडू आत सरकायला लागला. आधी लोक म्हणायचे, थोडक्यात हुकला. मग म्हणायला लागले, खांबाला लागला. मग रेषेवर आला, आणि रेषेवर म्हणजे खरं तर आतच. यांचे केस पांढरे व्हायला लागले तोपर्यंत जाळंही फाटून झालं होतं. आणि गंमत अशी, की चेंडू जसजसा आत गेला तसतसे लोक यांच्याशी गोड बोलायला लागले. "तू तरी काय करणार रे बाबा, समोर साक्षात तोफ!" असं म्हणत बोलावून चहा पाजायला लागले. हेही चहा पीत मान डोलवायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"अहो, तुम्ही अडवलात ना? मग तोंड शिवून का बसता?"

हे आपले काच पुसत राहायचे.

मी तशी गप्प बसणाऱ्यांतली नाही. आमच्या दुकानात एका अंगाला यांच्या काचा आणि दुसऱ्या अंगाला माझं शिलाई मशीन. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी माप घेता घेता खरं काय ते ऐकवते. गळ्याभोवती टेप असली की माणूस फारसा वाद घालत नाही. बाहेर गेला की पुन्हा गोल तो गोलच. "आमच्या हिचं तोंड फाटकं आहे," हे सगळ्यांना सांगतात, "पण खोटं म्हणाल तर तिला बोलताच येत नाही." हे कौतुक आहे की तक्रार, ते मी कधी विचारलं नाही.

तर मध्यंतरी काका घाईघाईने दुकानात आले. तोफसाहेब पुन्हा येणार होते! आता म्हातारे झाले होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, पण यायला कबूल झाले होते.

"तीच पेनल्टी पुन्हा घ्यायची," काका यांना म्हणाले. "तेच तोफसाहेब, तोच तू. आणि मागच्यासारखाच गोल. काय?"

"मागच्या वेळी यांनी अडवला होता," मी मशीनवरून म्हटलं.

"वहिनी, तुमचं आपलं काहीतरीच." काका हसले आणि यांच्याकडे वळले. "जाऊ देशील ना रे?"

यांनी मान डोलावली.

काकांनी मग मैदान डोक्यावर घेतलं. आमच्या मैदानाने जन्मात गवत पाहिलेलं नाही, नुसती माती. पण पाहुण्यांच्या फोटोत हिरवळ यायला हवी, म्हणून काकांनी गोलासमोर गवत लावलं आणि दुकान वाऱ्यावर सोडून रोज स्वतः पाइप धरून पाणी घातलं. गवत असं माजलं की बघत राहावं. ते कापायला पाहिजे असं भाऊ म्हणालेही, पण काकांचा जीव होईना. पोटच्या लेकरासारखं वाढवलं होतं त्यांनी ते. या वेळी नवंकोरं जाळंही आणलं.

इकडे हे रोज दुपारी गादी जमिनीवर टाकून पडायचा सराव करायला लागले. उजवीकडे पडायचे, उठायचे, कंबर धरायचे, पुन्हा पडायचे. या वयात!

"पडताय कशाला?" मी म्हटलं. "सरळ अडवा. सगळ्या गावासमोर, फोटोसकट. बघू मग कोणाचं जाळं फाटतं ते."

हे गादीवर तसेच बसून राहिले. "अगं, इतकी वर्षं खपून गावाने तो गोल केलाय," म्हणाले. "मी परत अडवू?"

"म्हणजे मी वेडी? मी इतकी वर्षं गावाशी भांडतेय ती कशासाठी?"

"तुला माहीत आहे ना मी अडवला ते? मग झालं तर. एका माणसाला माहीत असलं की मला पुरतं." मग करंगळी चोळत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवसाची शांतता अजून जात नाही बघ डोक्यातून. एकदा, एकदाच मला त्या मैदानात आरडाओरडा ऐकायचाय. मी गोलात उभा आहे आणि सगळे खूश आहेत."

मला भरून आलं आणि रागही आला. अशा वेळी मला आधी राग दाखवता येतो. गादी काय जमिनीवर लोळायला दिलीय का, असं काहीतरी बोलून मी ती उचलली. मनात मात्र ठरवून टाकलं, की ऐन वेळी जोरात ओरडायचं, 'अडवा!' माझा आवाज ऐकला की यांचे हात आपोआप पुढे होतात. एवढ्या वर्षांची सवय आहे ती.

ठरलेल्या दिवशी सगळं गाव लोटलं होतं. भाऊ पंच होते, गळ्यात शिट्टी आणि चेहऱ्यावर असा भाव की शिट्टीचा शोध जणू भाऊंनीच लावला. मी जाळ्यामागे, खांबाला लागून, कंबरेचं मलम हातात घेऊन उभी. माझ्याइतकं जवळ दुसरं कुणी नव्हतं.

तोफसाहेब काठी टेकत आले. किती बारीक झाले होते! पण चेंडू दिसल्यावर काठी काकांच्या हातात दिली, कोट सारखा केला आणि हसून हात हलवला. लोक वेडे झाले. चेंडू जरा पुढे आणून ठेवला होता. भाऊंनी शिट्टी वाजवली. मी 'अडवा' म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात, चेंडूला पाय लागायच्याही आधी, आमचे हे उजवीकडे झेपावले. झेपावले कसले, पोतं टाकावं तसे धप्पकन पडले. तोंड पलीकडे, कंबर धरलेली, मान वळवायची सोय नाही.

गोल मोकळा. आणि चेंडू निघाला. म्हणजे निघाला एकदाचा. मातीवरून बरा आला, मग काकांच्या गवतात शिरला, तिथे दमला, आणि रेषेच्या वीतभर अलीकडे थांबला.

सगळं मैदान चिडीचूप.

लांबच्यांना काही कळेना, चेंडू आत की बाहेर. माना उंच करून सगळे बघत होते. भाऊ शिट्टी ओठांत धरून कधी चेंडूकडे, कधी माझ्याकडे बघत होते. मला काय आयती संधी आली होती! नुसतं बोट दाखवायचं होतं. बघा म्हणायचं, या माणसाच्या गोलात तोफसाहेबांचा चेंडू तेव्हाही गेला नाही आणि आजही गेलेला नाही. भाऊ साक्षीला, पाहुणे साक्षीला. इतक्या वर्षांची सगळी उधारी वसूल झाली असती.

मी तोफसाहेबांकडे बघितलं. काठीशिवाय उभा म्हातारा माणूस, एवढ्या गर्दीत एकटा. चेहऱ्यावर हसू होतं, आणि ते हळूहळू उतरत होतं. ते हसू असं उतरताना मी एकदा पाहिलेलं होतं. तेव्हा माझ्या एकटीच्या टाळ्या काही उपयोगाला आल्या नव्हत्या. आणि ज्याला आरडाओरडा ऐकायचा होता तो माझा नवरा गवतात तोंड खुपसून वाट बघत पडला होता.

"गोल!" मी ओरडले. आवाज असा काही निघाला की माझी मीच दचकले. "गोल! अहो भाऊ, फुंका की! झोपलात काय?"

भाऊंनी डोळे मिटून जी शिट्टी फुंकली, ती थांबवेनात. मग काय विचारता! सगळं मैदान उसळलं. पोरं धावत आत घुसली, एकाने चेंडू उचलून डोक्यावर धरला, काका आपल्या गवतावरून नाचत गेले. नणंद रडत होती. मी आणि भाऊंनी यांना दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं. नाकाला चिखल, भुवईत गवत, आणि हे कान देऊन नुसते ऐकत होते. मी त्यांना असं खूश कधी पाहिलं नाही, लग्नातसुद्धा नाही.

तोफसाहेबांनी यांचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. जाताना माझ्यापाशी थांबले. हळूच म्हणाले, "बाई, तुमची नजर फार चांगली आहे."

"शिवणकाम करते ना," मी म्हटलं.

घरी येताना हे लंगडत होते. मी त्यांचा हात धरला होता, वाकड्या करंगळीसकट. कोपऱ्यावर वळल्यावर यांनी हळूच विचारलं, "नीट गेला ना गं? मला काही दिसलंच नाही."

"नीट म्हणजे? सणसणीत गेला."

"डावीकडून?"

"डावीकडून. कोपऱ्यातून."

"जाळं हललं?"

"हललं काय विचारता! फाटायचंच बाकी होतं."

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. मला खोटं बोलता येत नाही, हे गावभर सांगत आलेत ना. घर येईपर्यंत त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, मी पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि दर वेळी तो चेंडू आधीपेक्षा थोडा जोरात गेला.