बाजूच्या सीटवरचा आवाज

आमच्या पिकअपला आवाज आहे हे सगळ्यात आधी मला कळलं, आणि गाडीतलं मला काही म्हणजे काही कळत नसल्यामुळे ते कुणालाच खरं वाटलं नाही.

गाडी जुनी, डिझेलची. आरोहीचे पप्पा तिच्यातून भोसरीच्या वर्कशॉपमधला माल चाकणच्या कंपन्यांत पोचवतात. मी पॅकिंगच्या कामाला लागले तेव्हा तीन वर्षांच्या आरोहीला सांभाळायला खोलीवर कुणी नव्हतं, म्हणून सकाळी माल भरून झाला की हे तिला बाजूच्या सीटवर बसवतात, माझ्या ओढणीने सैलसर बांधतात आणि चाकणला माझ्या बहिणीकडे सोडून पुढे जातात. दिवसभर डब्यांना पट्ट्या लावताना माझ्या डोळ्यांपुढे ती ओढणीच असायची. पण रोज दोघं धडधाकट घरी यायची आणि माझी मलाच लाज वाटायची.

एका रविवारी आम्ही तिघंही बहिणीकडे निघालो. मी आरोहीला मांडीवर घेऊन बाजूच्या सीटवर बसले होते. मोशीच्या पुढे इंद्रायणीचा पूल ओलांडला, रस्ता जरा मोकळा झाला, आणि खालून आवाज यायला लागला. पितळेच्या डब्यात थोडे हरभरे घालून कुणी तो डबा सावकाश गोल फिरवावा, तसा.

"अहो, हा कसला आवाज?"

"कसला?"

"हा काय, आत्ता येतोय तो."

"डिझेलची गाडी आहे बाई, पाळणा नाही," हे हसून म्हणाले.

माझे कान मात्र तिकडेच राहिले. आणि ऐकता ऐकता एक गोष्ट लक्षात आली, जी मला अजूनही नीट सांगता येत नाही. पुढे स्पीडब्रेकर आला की तो आवाज आधी मंदावायचा, मग यांचा पाय ब्रेकवर जायचा, आणि मग गाडी हळू व्हायची. दरवेळी त्याच क्रमानं. मला वाटलं, आपलाच काहीतरी घोळ होतोय. चाकणला उतरताना मी सहज आरोहीला विचारलं, "बाळा, गाडीत आवाज येतो का गं रोज?"

"येतो की."

"कुठून?"

तिनं वाकून, जिथं यांचे पाय होते तिथं बोट दाखवलं.

त्या दिवसापासून मी यांच्यामागे लागले. आवाज निघेपर्यंत पोरीला त्या गाडीत नेऊ नका, म्हटलं. "मग तू काम सोड आणि बस घरी," हे म्हणाले, आणि ते काही रागानं नव्हतं, दुसरा मार्गच नव्हता. शेवटी पुढच्या रविवारी वैतागून त्यांनी गाडी कुरुळीच्या फाट्यावर हिंदुरावमामांच्या गॅरेजला घातली. मामा तिथलेच, घरची शेती कंपन्यांत गेलेली, पण हात गाड्यांत मुरलेला.

"गोरक्ष, आवाज तुला येतो का वहिनींना?"

"तिला."

"आन् तुला न्हाई?"

"मला कशाला येईल? मला गाडी चालवायचीय," हे म्हणाले, आणि दोघंही हसले.

मामा माझ्याकडे वळले. मी हरभऱ्याचं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "गिअर काढून गाडी उताराला सोडायची. तरीबी आवाज राहिला तर गिअरबॉक्समदी न्हाई, मागं हाय." यांनी तसं केलं, मी शेजारी बसून ऐकलं, आवाज राहिला. मग मामांनी गाडी उचलून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्याचा जॉइंट बदलला, मधलं बेअरिंग बदललं, चाकं हातानं फिरवून पाहिली. कुठं काही खुट्ट नाही. पुन्हा फेरी मारली. आवाज होताच, आणि तो ऐकणारी मी एकटीच.

"आसं करू," मामा म्हणाले. "रोज चालवणाऱ्याचा कान गाडीला सवकलेला असतो. मालकानं बाजूला बसायचं, गाडी मी चालवायची. आवाज काढायची आमची हीच रीत हाय."

मी आरोहीला घेऊन फाट्यावर उभी राहिले. गाडी गेली आणि परत आली. हे खाली उतरले तेव्हा त्यांच्या तोंडाचा रंग उडाला होता.

"आहे मामा. चांगला आहे आवाज."

"कुठं? मला तर कायबी आला न्हाई."

"मामा, कान धुवून या. सगळी केबिन भरली होती."

"बस हिकडं," मामा चिडून म्हणाले आणि स्वतः बाजूच्या सीटवर सरकले. पुन्हा फेरी. या वेळी यांना काही ऐकू आलं नाही, आणि मामांना आलं. परत आल्यावर मामांनी आधी चेष्टा केली, कान तुझेच धू म्हणाले. मग बोलता बोलता दोघंही एकदम बॉनेटकडे बघू लागले.

मी विचारलं, "म्हणजे काय झालंय हो मामा?"

मामांनी बोटांवरचं ग्रीस फडक्यानं पुसलं. एकेक बोट करून पुसलं. "न्हाई वहिनी, गाडीत काय न्हाई. जो चालवतो त्याला येत न्हाई ना? मग झालं तर. चालवणाऱ्याला तरास न्हाई म्हंजे गाडी नीट हाय."

यांना ते एकदम पटलं. वाटेत तेच दोनदा बोलून दाखवलं. मला पटलं नाही, पण का पटलं नाही ते मला शब्दांत धरता येईना, आणि सोमवारी सकाळी मीच आरोहीला सीटवर ओढणीनं बांधून दिली. गाठ मारताना ती म्हणाली, "घट्ट नको." मी घट्टच मारली.

काही दिवस गेले. कामावरही माझं मन थोडं रमू लागलं.

त्या दिवशी मी लवकर सुटले होते. ऊन अजून भिंतींवर होतं. मी दारात तांदूळ निवडत बसले होते, तेवढ्यात पिकअप गल्लीत शिरली आणि अगदी आमच्या उंबऱ्याला लागून थांबली, इतकी अलगद की सुपातला तांदूळही हलला नसता. आरोहीला कडेवर घेऊन हे उतरले. ती झोपली होती, गाल सीटच्या रेक्झिनवर दाबून लाल झालेला. हे कितीतरी दिवसांनी मोकळं हसत होते.

"अगं, तुझं खरं होतं," ते म्हणाले. "आज मला पण आला आवाज. चाकणपासून घरापर्यंत सारखा. स्पष्ट."

मी हात पुढे करून लेकीला घेतलं. ती गरम होती, जड होती, माझीच होती. तिला खांद्यावर नीट टेकवताना माझं लक्ष उघड्या दाराकडे गेलं. हे आमच्या बाजूच्या, डाव्या दारानं उतरले होते.

इंजिन चालूच होतं.

"गाडी बंद करा ना," मी म्हटलं.

"हो की," हे म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.

त्यांच्या पाठीमागे, केबिनमध्ये, कुणीतरी सावकाश हँडब्रेक ओढला.